मुठीचं माप

बाळापूरच्या बाजारात ट्रॅक्टरचे होसपाइप विकणाऱ्या काकू आधी त्याच दुकानात बांगड्या भरायच्या. माल बदलला, बोलणं बदललं नाही.

माझ्या ट्रॅक्टरचा होस सायलेन्सरजवळ तापून फुटला होता आणि पेरणी तोंडावर आली होती. मी नवा होस घेतला आणि त्यावर चढवायला, उष्णता अडवणारी स्लीव्ह बरोबर त्याच्याच जाडीची मागितली.

"भाऊ, तुमी मनगटाचं माप काहून सांगून राहिले?" काकू म्हणाल्या. "बांगडीले मुठीवरून जा लागते. हा टोकाचा नट पाहा."

त्यांनी नटावरून जाईल एवढीच स्लीव्ह निवडली. होस मांडीवर घेतला, नट चिमटीत धरला आणि सवयीनं त्यालाच म्हणाल्या, "हात ढिला सोड, बाई."

स्लीव्ह अलगद नटावरून सरकली आणि पाइपावर बसली. काकूंनी दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, पण होस काही सोडला नाही. नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बांगड्या भरून झाल्यावर बाया त्यांना नमस्कार करायच्या, हे मला उशिरा आठवलं.

मी ट्रॅक्टरच्या वतीनं हात जोडले.

"सुखात राय," काकू होसाला म्हणाल्या.