सरुबाईंच्या शेवग्याची अट

जयदीपचं औषध मी लसूण-मिरची घालून परतलं आणि भाकरीबरोबर खाऊन टाकलं. भोसरीतल्या माझ्या खोलीवरच्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेवग्याचा पाला दिसला. आमच्या करमाळ्याकडं याची भाजी करतात. देव पावला म्हटलं आणि कढई ठेवली.

जयदीप वर्कशॉपमधला माझा जोडीदार. खोलीची दुसरी चावी त्याच्याकडं असते. दुसऱ्या दिवशी तो फ्रिज उघडून उभाच राहिला.

"भावा, पाला कुठंय?"

"पोटात. मीठ जरा जास्त झालं होतं."

तो हसला नाही. मग हळूहळू बोलला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. दोष त्याच्यात आहे, असं रिपोर्टात आलेलं. दिघीच्या घरी आई मात्र त्याच्या बायकोला, प्राजक्ताला, रोज टोचून बोलायची आणि हा मान खाली घालून जेवायचा. त्यावर उपाय म्हणून हा शेवग्याचा पाला. घरात तो दिसला तर बिंग फुटेल, म्हणून माझा फ्रिज.

"म्हणजे आता मला गुण येणार," मी म्हटलं.

"तुझं आधी लग्न तरी ठरू दे, राव."

भरपाई म्हणून रविवारी मीच त्याला गाडीवर बसवून चाकणच्या पुढं, हा पाला देणाऱ्या सरुबाईंकडं नेलं. त्यांच्या शेताच्या तीन बाजूंना गोदामं उठलीत. उरलेल्या बांधावर शेवगे आहेत. त्यांचा पाला न्यायला कंपन्यांमधले बाप्ये येतात. सरुबाई पैसे घेत नाहीत, शिव्या मात्र सढळ हातानं देतात. माणूस बांधावर पाय ठेवतो न ठेवतो तोच विचारतात, "डाक्टरकडं जाऊन आलास का? न्हाई? मग आधी तिकडं."

"मावशी, चूक माझी," मी म्हणालो. "पाला माझ्या फ्रिजमध्ये होता, मी खाल्ला."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि जयदीपकडं वळल्या. "ह्याच्या फ्रिजात? आन् तुझ्या घरची चूल काय इकली का? माझी अट काय व्हती?"

"घरात सगळ्यांसमोर खायचा," जयदीप पुटपुटला. "माझ्यासाठी आहे असं सांगून."

"मावशी, पालाच तर आहे," मी तोंड घातलं. "भोसरीच्या बाजारात जुडी मिळते."

"मिळती की! मग माझ्या बांधावर कशाला आलाव?"

पलीकडं खाटेवर त्यांचे मालक, तात्याबा, तंबाखू मळत बसले होते. सरुबाईंनी त्यांच्याकडं बोट केलं. "ह्येबी गोठ्यात बसून चोरून खायचे. इकडं सासू मला उपास धराय लावायची. सवत आनायची बोलनी झाली. पुढं पोरगं झालं, तरी ह्यांनी तोंड उघडलं न्हाई. पाल्यानं झालं का नवसानं, मला ठावं न्हाई. बोलनी मी खाल्ली, एवढं ठावं हाय."

तात्याबांचा अंगठा थांबला. "व्हय," ते म्हणाले, "खरं हाय ते." मग परत मळू लागले.

जयदीपनं पाला तोडून घेतला. दिघीला पोचल्यावर त्यानं मला घरात ओढूनच नेलं.

आई तांदूळ निवडत होती. यानं पिशवी तिच्यापुढं ठेवली. "आई, ही भाजी माझ्यासाठी. रिपोर्ट माझा खराब आहे. प्राजक्ताचा नाही."

आईचा हात सुपातच राहिला. म्हणाली, "मग इतके दिवस मला बोलू कसं दिलंस रे?"

प्राजक्तानं पिशवी ओढून घेतली, अर्धा पाला नवऱ्यापुढं टाकला आणि एवढंच म्हणाली, "निवडा."

पाळणा हलला का, ते विचारू नका. दवाखाना चालू आहे, भाजीही चालू आहे. आता ती जयदीपच्या डब्यात उघड येते. वर्कशॉपमधली पोरं चिडवतात, तर हा डबाच पुढं करतो. घरी टोचणं बंद आहे. आई हल्ली सुनेशी जपून बोलते.

राहिलो मी. त्या दिवशी निघताना सरुबाईंनी मला दंड ठोठावला होता: खाल्लेल्या पाल्याबद्दल बांधावर शेवग्याची एक फांदी लावून द्यायची. पण रविवार आला की कधी ओव्हरटाइम येतो, कधी झोप येते. परवा जयदीपकडून त्यांचा निरोप आलाय. "त्या खादाडाला सांग, ह्यांनी खड्डा खनून ठिवलाय. आता त्यात कोंबडी अंडी घालाय लागली."