आवरणारे जोड

धाकट्या बहिणीला फिट्स येतात, म्हणून मी मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. मेंदूतल्या पेशींमध्ये एकमेकींना चेतवणारे जोड असतात, तसे आवरणारेही असतात. हे आवरणारे जोड कधीकधी दीर्घकाळासाठी घट्ट होतात. पेशीत कॅल्शियम शिरतं, त्याने एक एन्झाइम जागं होतं आणि निरोप झेलणारी आणखी प्रथिनं जोडापाशी येऊन बसतात. हे त्या एन्झाइममुळेच होतं, एवढंच मला दाखवायचं होतं.

आमची प्रयोगशाळा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात. उंदराच्या मेंदूचा पातळ काप, त्यातली एक पेशी आणि तिला चिकटवलेली काचेची अतिशय बारीक नळी. तासभर ती जराही हलता कामा नये. आणि शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस! धाडकन ठोका पडला की नळी निसटायची. पेशी गेली, पुन्हा नवा काप. कित्येक महिने हेच. शेजारच्या मालकांना भेटले, तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या उंदरासाठी मी ऑर्डर थांबवू का?"

शेवटी कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी काम करायचं ठरवलं. नेमकी त्याच दिवशी बहिणीची गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे तपासणी निघाली. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या वाढवल्या. तिथून मी तिला तशीच प्रयोगशाळेत घेऊन गेले.

पेशी टिकली. एन्झाइम बंद पाडणारं औषध मी नळीतून आत सोडलं होतं. आता कॅल्शियम शिरलं तरी जोड घट्ट व्हायला नको होता. पण स्क्रीनवरचे सिग्नल वाढले आणि वाढलेलेच राहिले, म्हणजे जोड घट्ट झालाच होता.

"झालं ना मनासारखं?" बहिणीने विचारलं.

"कसलं! निरोप दुसऱ्याच कुठल्यातरी वाटेने जातोय."

"मग ती वाट शोध."

"अगं, एका पेशीवरून काहीच ठरत नाही. आधी हेच पुन्हा पुन्हा करून बघायचं." माझा आवाज उगाचच चढला.

तिने विचारलं, "यातून माझ्या गोळ्या कमी होतील?"

खोटं बोलवेना. "इतक्यात नाही."

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. "औषध नीट पोचलं होतं का? परत करून बघ," एवढंच म्हणाले. मी हातमोजे काढून कचऱ्यात भिरकावले.

"मी खाली रिक्षा बघते," बहीण म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. मी चरफडतच रेकॉर्डिंग सेव्ह केलं आणि मशीन बंद करायला घेतलं.