आबांच्या गाडीपुढचं लिंबू

आबांना जाऊन वर्ष झालं होतं, त्या साली खंडेनवमीला ही गोष्ट घडली. कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरातली सगळी लेथ मशिनं झेंडूच्या माळा घालून गप्प बसली होती... आणि मी आबांच्या गाडीची शेवटची पूजा करायला शेडचं कुलूप उघडत होते.

आबा, माझे वडील, चौथी शिकलेले, पण हात सोन्याचे. मी कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा ते रद्दीतून अमेरिकन गाड्यांची मासिकं आणायचे. मी युनिफॉर्मवरच स्टुलावर बसून वाचायचे, मराठीत सांगायचे... आणि ते खडूनं जमिनीवर गाडी काढायचे.

त्यातून ती गाडी झाली. संस्थानी काळातल्या, भंगारात निघालेल्या अमेरिकन गाडीचं इंजिन, जीपची चासी, पुढे बारीक चाकं, मागे रुंद. ना टप, ना मडगार्ड. सरळ रेषेत पाव मैल सुसाट पळायचं, एवढंच तिचं काम.

उजळाईवाडीच्या विमानतळाच्या धावपट्टीवर ती एकदाच पळाली. "अजून एकदा, बेबी..." असं आबा मला शेवटपर्यंत म्हणत राहिले. ते राहूनच गेलं.

आता धाकट्या भावाला, बाळूला, शेडमध्ये नवं मशिन बसवायचं होतं. पेठ वडगावचे एक भंगारवाले दसऱ्याला येऊन गाडी गॅसनं कापून नेणार होते. मी खूप विनवलं, पण ठेवायला माझ्याकडे तरी जागा कुठे होती...

मी गाडी धुतली. बॉनेटला हळदकुंकू, स्टिअरिंगला माळ, आणि पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर लिंबू ठेवलं. कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

चार वाजता बाळू त्या भंगारवाल्यांना गाडी दाखवायला घेऊन आला. सोबत ईश्वराप्पा मिस्त्री होते, आबांच्या जोडीनं ही गाडी बांधलेले. मी दार उघडलं.

लिंबू चाकाखाली चिरडलेलं होतं. वारा नव्हता, तरी स्टिअरिंगची माळ हलत होती...

"अक्का, तू ढकललीस व्हय?" बाळूचा आवाज बारीक झाला होता.

"मी? चौघांनी रेटल्याशिवाय हलते का ती!" म्हटलं खरं, पण मग आठवलं. धुताना चाकाच्या मागचे दगड मी काढले होते, परत लावायला विसरले होते.

भंगारवाले मोठ्यानं हसले. "मग काय, उतारानं घरंगळली की! उगंच घाबरवलंसा, ताई."

मिस्त्रींनी बादलीत उरलेलं पाणी हळूच गाडीखाली ओतलं. पाणी सरळ मागे, भिंतीकडच्या मोरीकडे गेलं.

"हा कोबा मी केलाय, पावणं. उतार मागं हाय. दगूड काढल्यावर ही मागं भिताडाला टेकाय पायजे हुती... ही पुढं चढलीया."

गाडीला बॅटरी नव्हती. टाकी कित्येक वर्षं कोरडी. बॉनेट तापलंय का, हे हात ठेवून बघायचं मात्र माझं धाडस झालं नाही.

भंगारवाल्यांनी चपला पायात सरकवल्या. "ह्येला गॅस लावणं आपल्याच्यानं व्हायचं न्हाय." ते गेले सुद्धा.

मिस्त्रींनी उपरण्यानं डोळे पुसले. "उद्याचं सीमोल्लंघन आजच कराय निघाली. मालकागत उतावळी!"

बाळूनं स्वतः दोन दगड उचलून आणले आणि चाकांना लावले... मागून नाही, पुढून. नवं मशिन शेजारच्या भाड्याच्या गाळ्यात बसलं. त्याचे ते उपकार मी विसरले नाही.

गाडी अजून तिथंच आहे. दर खंडेनवमीला मी ते पुढचे दगड काढते आणि लिंबू ठेवते. आता वीतभर अंतरावर नाही, पार दाराशी ठेवते... आबांना तेवढी तरी धाव मिळायला हवी.