माझा कान आणि तिची भिंत

माझा कान दुखत नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एवढं साधं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

विम्याच्या नोकरीत माझी जयपूरला बदली झाली आणि आम्ही तिथल्या मुरलीपुऱ्यात राहूनच गेलो. मुलगी इथेच वाढली. समुद्र तिने सुट्टीत पाहिला असेल तेवढाच, तरी डायव्हिंगचं वेड तिलाच लागलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीतापुऱ्यात नोकरी लागल्यावर ती शिकली, आणि मागे लागून तिने मलाही शिकायला लावलं. पाण्याखाली एकटं जायचं नसतं, जोडीदार लागतो. तिने जोडीदार म्हणून मला निवडलं याचंच मला इतकं अप्रूप, की भीती वाटते हे मी बोललोच नाही.

अंदमानातल्या एका बेटावर लहानशी खाडी आहे. तिथे बोटीने जावं लागत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. पुढे पोवळ्यांचा उतार लागतो, आणि तो संपतो तिथून सरळ खाली जाणारी भिंत. त्या भिंतीसाठीच ती आली होती.

पुढे गाइड, मागे आम्ही दोघं, माझा हात तिच्या हातात. उतारावर मजा आली. एक कासव चरत होतं, त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग खालचे दगड संपले आणि नुसता निळा काळोख उरला. मला श्वास पुरेना. मी अंगठा वर केला, म्हणजे वर चला. तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांतली काळजी बघून मी घाईघाईने कानाकडे बोट दाखवलं, पाण्याच्या दाबाने दुखतोय म्हणून. पाण्याखाली खोटं बोलायला तेवढं पुरतं. गाइडने आम्हा दोघांनाही वर आणलं. परतीच्या विमानाआधीची ती शेवटची बुडी होती.

घरी आल्यावर कानाची सेवा सुरू झाली. थंडीत मी स्कूटर काढली की ती मफलर घेऊन फाटकापर्यंत यायची आणि स्वतः गुंडाळायची. डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, कान तो एकदम साफ है." बाहेर पडताच ती म्हणाली, "यांना कळलं नाही. दुसऱ्यांना दाखवू."

बायको म्हणाली, "अगं, यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तोच आजार असेल."

मी हसलो.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणी त्याच बेटावर निघाल्या, आणि ती नाही म्हणाली. मटार सोलत बसली होती. मी कारण विचारलं.

"नको बाबा. तुमचा कान माझ्यामुळे गेला. मतलब, भिंत बघायची घाई मला होती. मीच तुम्हाला जल्दी खाली ओढलं."

म्हणजे वर्षभर ती हे मनात घेऊन फिरत होती, आणि मी तिच्याकडून मफलर बांधून घेत होतो.

"कान ठीक आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून ठीक होता. मी घाबरलो होतो."

तिचे हात थांबले. "डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पण?"

"तेव्हाही."

"आणि मफलर?"

"तो ऊबदार होता."

ती हसली नाही. उठून गच्चीवर गेली, ती जेवायच्या वेळीच खाली आली. ताटावर बसल्यावर म्हणाली, "कारण द्यायचंच नसतं, बाबा. कोणीही अंगठा दाखवला की सगळे वर येतात. क्यों, हे कोणी विचारत नाही. शिकवलं होतं ना आपल्याला?"

शिकवलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता.

"आता मी विचारते. तिथे काय वाटलं?"

मी सांगितलं. असं काही मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायको पोळी हातात धरून तशीच ऐकत राहिली.

या जानेवारीत आम्ही दोघं पुन्हा तिथे गेलो. ती गाइडबरोबर खाली गेली, मी कमरेएवढ्या पाण्यात थांबलो. परत आल्यावर पायातले फिन्स काढायला तिने माझा खांदा धरला, आणि तोंडातली नळी काढताच बोलायला लागली. भिंतीवर पंख्यासारखी पोवळी होती म्हणे, तिच्याहून मोठी. मराठी शब्द अडला की हिंदी, तोही अडला की हात. लाटा आम्हाला ढकलत होत्या, तिचा सगळा भार माझ्यावर होता. किनाऱ्याकडे वळायची मला अजिबात घाई नव्हती.