नेलपॉलिशच्या रांगोळीचा डबा

अहमदपूरहून लातूरला सकाळी साडेसहाची एसटी निघायची, तिच्यात माणसांपेक्षा डबे जास्त. लातूरला खोली करून शिकणाऱ्या पोरापोरींसाठी गावाकडच्या आयांनी पाठवलेले. ड्रायव्हरच्या मागे एकावर एक रचलेले असायचे, प्रत्येकावर पेंटनं नाव. सकाळचा क्लास सुटला की आम्ही बसस्टँडकडे धूम ठोकायचो आणि संध्याकाळच्या गाडीत रिकामे डबे परत ठेवायचो. गाडी पंक्चर झाली की पन्नास जणांना एकदम उपास घडायचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं माझं पोट असं एसटीच्या भरवशावर चाललं आणि खरं सांगते, एवढी मजा पुन्हा आली नाही.

माझ्या डब्यावर मात्र नाव नव्हतं, कारण आईला मराठी लिहिता येत नव्हतं. ती तेलंगणातली. मी दोन वर्षांची असताना वडील गेले आणि ती मला कडेवर घेऊन देगलूरमार्गे अहमदपूरला आली. तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तूर-हरभरा चाळायला बायका लागतात, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर निघाली बाई! मी अजून गुगल मॅप पाहिल्याशिवाय भाजी आणायला जात नाही. तर, नावाच्या जागी तिनं झाकणावर नेलपॉलिशनं पाच पाकळ्यांची लालभडक रांगोळी काढली होती. तिच्या स्वतःच्या नखांना जन्मात रंग लागला नाही. डब्याचा नट्टापट्टा मात्र दर दोन महिन्यांनी नवा व्हायचा.

मराठी ती बाजारात शिकली, त्यामुळे कशाबद्दलही बोलली तरी वांग्यांचा भाव केल्यासारखी बोलायची. "अभ्यास किती झाला? शेवटचं सांग!" असं ती फोनवर विचारायची आणि मी "दोन धडे" म्हटलं की "तीन कर, तीन" म्हणायची.

घरात आम्ही तेलुगू बोलत नव्हतो. पहिलीत असताना शाळेच्या फाटकाशी मी तिला "अम्मा" म्हणून हाक मारली आणि पोरांनी दिवसभर मला "अम्मा, अम्मा" करून भंडावून सोडलं. रडत घरी आले, तर ती म्हणाली, "आजपासून आई म्हण." त्या दिवसापासून तिनं तिची भाषा घरातही बंद केली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटते.

राहिला फक्त स्वयंपाक. भाषा सोडली तरी हाताची चव कशी सोडणार? पहाटे उठून ती भात करायची, अंबाडीचं आंबट वरण करायची, वर लाल मिरच्यांची फोडणी. डबा उघडला की निम्म्या बसस्टँडला ठसका लागायचा. "आज पण भातच का गं?" पोरी विचारायच्या. सगळ्यांच्या डब्यात पोळी-भाजी, भाकरी-चटणी, आणि माझ्या डब्यात सगळा तांबडा चिखल. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

आणि मग मला माझी मैत्रीण भेटली. अहमदपूरच्याच कापडदुकानदाराची मुलगी, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि जिभेला तिखटाचं भलतं वेड. तिच्या आईचा डबा साजूक, सात्त्विक: मऊ पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सोमवारी खिचडी. तिनं एकदा माझं वरण चाखलं, डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळायला लागलं, आणि ती म्हणाली, "अय्यो, लई भारी हाय गं हे! आपण बदलून घ्यायचे का डबे?"

घेतले बदलून. रोजच. जेवण झालं की आपापला डबा घासून, पुसून परत पाठवायचा. आम्ही शपथ घेतली की मेलो तरी घरी सांगायचं नाही. तिचं ठीक होतं हो, तिच्या घरी फार तर ओरडा बसला असता. माझ्या आईजवळ मात्र स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि तिच्या एकुलत्या एक लेकीला ते नको होतं. हे तिला कळलं असतं तर ती काही बोलली नसती, आणि मला त्याचीच भीती होती.

पहिल्याच आठवड्यात एकदा डब्यात अंडी निघाली. मैत्रीण "शिव शिव शिव" करत अशी उडाली की शेजारच्या आजोबांचा चहा त्यांच्याच धोतरावर. आम्ही दोघी पोट धरून हसलो, अंडी मी खाल्ली. त्यानंतर अंडी कधीच आली नाहीत. मी फोनवर तक्रार केली, तर आई म्हणाली, "कोंबड्यांचा संप हाय." मी ते खरं मानलं!

मग एक अमावस्या आली. अमावस्येला मोंढा बंद असतो, हे मी साफ विसरले होते. आम्ही दोघी धावत बसस्टँडवर पोचलो, गाडी लागली, आणि दारातून आधी एक चप्पल, मग हिरवी साडी, मग माझी अख्खी आई उतरली. दोन्ही हातांत दोन डबे. एक नेलपॉलिशचा, एक मैत्रिणीचा.

 मैत्रीण भस्मासकट पांढरी पडली. पळावं तर कुठं?

आई सरळ चालत आली. नेलपॉलिशचा डबा तिनं मैत्रिणीच्या हातात दिला आणि मैत्रिणीचा माझ्या हातात.

"बघता काय? खावा की. गार होऊन राहिलंय."

"तुला... तुला कसं कळलं?"

"रोज सकाळी स्टँडवर मी डबा ठिवते, हिची आई बी ठिवते. पहिल्याच हप्त्यात ती म्हणली, अक्का, माझी पोरगी फोनवर म्हणती अंबाडीचं वरण लई मस्त होतं, आन मी तर खिचडी धाडली होती." आई हसायला लागली. "मग आम्ही बसलो न्हवं बाकड्यावर! ती विचारती, तुमच्या लेकीला काय आवडतं. मी विचारती, तुमच्या लेकीला अंडं चालतं का."

म्हणजे गेले आठ महिने ती पहाटे उठून दुसऱ्याच्या लेकीसाठी रांधत होती, आणि कोंबड्या बिचाऱ्या विनाकारण बदनाम.

"बोलली का नाहीस?" मी कशीबशी म्हणाले.

"तू पोटभर खाऊन राहिली होतीस. कुनाच्या तरी आईच्या हातचं जात होतं ना पोटात? मग तिच्या लेकीला मी खाऊ घातलं. हिशेब बरोबर." एवढं बोलून ती पदरानं उगाचच डबा पुसायला लागली. डबा स्वच्छच होता.

मैत्रिणीनं, देव तिचं भलं करो, नेलपॉलिशचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. ठसका लागला, नाक झोंबलं, आजूबाजूच्या पोरी वळून बघायला लागल्या. मी बाकड्यावर मांडी ठोकली आणि झाकणच पुढं केलं.

आईनं डब्यातला चमचा उचलला. सवयच ती! "किती वाढू? शेवटचं सांग."

"अम्मा, सगळा," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं, फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं घासाघीस केली नाही. झाकणावर भाताचा डोंगर झाला, वरण माझ्या ओढणीवर सांडलं, आणि ती वाढतच राहिली.