तिसऱ्या दिवशीचं ब्लेड

त्या गुरुवारी मी दाढीचं पाणी गरम करून बसले होते आणि भालेराव आले नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. मी मनातून चांगलीच चिडले; यायचं नव्हतं तर निदान कळवायचं तरी. दुपारी मोबाइल उघडला तेव्हा कळलं की ते सोमवारीच गेले होते. आमच्या जुन्या कारखान्यातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, एरवी त्यावर सकाळची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. तिथे भालेरावांचा फोटो होता आणि खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. 'शांत, सोशिक माणूस.' 'कधी कुणाबद्दल तक्रार केली नाही.' आमच्या तेव्हाच्या साहेबांनी तर त्यांना रत्न म्हटलं होतं... माझं डोकंच फिरलं. अहो, तक्रार करणं हीच तर त्या माणसाची नोकरी होती. आम्ही त्यांना त्याचाच पगार देत होतो.

पुण्यात नगर रोडला, खराडीच्या अलीकडे, आमचा दाढीच्या ब्लेडचा कारखाना होता. आता तिथे काचेची इमारत आहे आणि भालेरावांची मुलगी त्यातच सॉफ्टवेअरचं काम करते. मी होते गुणवत्ता विभागात, आणि माझ्या ताब्यात होती दाढीची खोली. ओळीने आरसे, बेसिनं, गरम पाण्याचे नळ. रोज सकाळी निवडक कामगार घरून दाढी न करता यायचे आणि माझ्यासमोर करायचे. उजव्या गालाला लाल दोरा बांधलेला रेझर, डाव्याला हिरवा. कुठल्यात कुठलं ब्लेड ते फक्त मला ठाऊक. तेच ब्लेड दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, माणूस कार्डावर 'ओढते' असं लिहीपर्यंत. सुट्टीतसुद्धा घरी दाढी करायची परवानगी नव्हती. भालेरावांचं लग्न झालं तेव्हा एक चाचणी अर्धी झालेली होती, आणि ते ती सोडायला तयार होईनात. लग्नाच्या फोटोत त्यांचा डावा गाल ओरखडलेला आहे. "हळद लागली तेव्हा कळलं, बाई," कामावर परत आल्यावर मला म्हणाले, "हिरवा दोरा नापास." हसले नाहीत. ते असंच तोंड करून बोलायचे आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं.

त्यांच्यासारखा गाल कुणाचा नव्हता, हे मी जबाबदारीनं लिहिते. बाकीचे नवं ब्लेड गुळगुळीत चाललं की खूश. भालेराव पहिल्या दिवशी कार्ड कोरं ठेवायचे. त्यांचं म्हणणं, नवं ब्लेड पहिल्या दिवशी जरा चावतंच, त्यावरून त्याला नावं ठेवू नयेत, आणि चावलं नाही तर कौतुकही करू नये. दुसऱ्या दिवशी ते बसतं. तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली, केस उलटे वळतात तिथे, त्याचा खरा स्वभाव कळतो. ते आवाज ऐकायचे. धार चांगली असेल तर कोरड्या पानांसारखी बारीक खसखस येते, धार गेली की आवाज जाड होतो. आधी आवाज बदलायचा, मग ओढायचं. यंत्राखाली ब्लेड घालून आम्हाला जे दुपारी कळायचं, ते त्यांनी सकाळीच लिहिलेलं असायचं.

मग उदारीकरण आलं. परदेशी भागीदार आले, नवे साहेब आले, चकचकीत लेपाचं नवं ब्लेड आलं. पहिल्या दिवशी लोण्यासारखं फिरायचं, सगळ्यांची कार्डं झकास. तिसऱ्या दिवशी भालेरावांनी लिहिलं, 'हनुवटीखाली ओढते.' पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. बाकीच्यांनाही ओढत होतं, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते त्यांना कळत होतं. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, त्या माणसाची दाढीच राठ आहे, कातडीच तशी, आपल्या ग्राहकाची तशी नसते. 'आपल्या' हा शब्द त्यांनी कसा उच्चारला ते मला कळलं. मी कसबा पेठेतल्या वाड्यात वाढलेली बाई आहे, मला तेवढं नक्की कळतं. भालेराव नवबौद्ध, वस्तीतून आलेले, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. समोर टाइप केलेला कागद होता. 'श्री. भालेराव यांची त्वचा चाचणीस अयोग्य आहे.' खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली. घराचे हप्ते, मुलाची दहावी, ही कारणं मी नंतर शोधली. सही करताना मनात काहीच नव्हतं, जेवणाची सुट्टी होत आली होती एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "सही आपली आहे?" मी हो म्हटलं. "अक्षर छान आहे," ते म्हणाले आणि पॅकिंगला गेले. तेच ब्लेड कागदात गुंडाळायला. कारखाना विकला जाईपर्यंत ते तिथेच होते, आणि येताजाता मला नमस्कार करत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली; 'हां', 'नको' आणि 'चहा' एवढं राहिलं. दाढी करायला एक न्हावी यायचा. त्यानं उजवा गाल कापला तरी यांना पत्ता नसायचा, बनियनवर रक्त दिसलं की मला कळायचं. एका रविवारी दारात भालेराव उभे. कुणाकडून कळलं कोण जाणे. हातात पिशवी, पिशवीत लाल दोऱ्याचा जुना रेझर, ब्रश, तुरटी आणि औषधाच्या बाटलीचं एक कॉर्कचं बूच. नवं ब्लेड आधी त्या बुचातून एकदा ओढून काढायचं, म्हणजे त्याचं चावणं कमी होतं. दर गुरुवारी आणि रविवारी चंदननगरहून बस बदलून यायचे. बधिर गालावर हात इतका सावकाश चालायचा की मी एकदा विचारलं, त्यांना तिकडे काही कळत नाही, मग एवढं कशाला? "कळत नाही म्हणूनच, बाई. ती बाजू सांगणार नाही ना." आणि मग डाव्या गालाकडे आले की दर वेळी यांना विचारायचे, "साहेब, ओढतंय का?" विचारून थांबायचे. उत्तर येत नसे, तरी थांबायचे.

मी एकदा धीर केला. म्हटलं, "भालेराव, तो कागद..." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "पाणी निवलं. गरम आणता का जरा?" मी आत गेले, पाणी तापवलं, परत आले तोवर माझा धीर संपला होता. याचा मला आजही राग येतो, माझा येतो आणि त्यांचाही येतो. एक वाक्य बोलू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेले. कारखान्यातले साहेब आले होते, माइकवर 'निगर्वी, समाधानी' वगैरे बोलले. भालेराव समाधानी नव्हते हो. ते शेवटपर्यंत संतापलेले होते, फक्त तो संताप त्यांनी कुणाच्या गालावर काढला नाही. निघताना त्यांच्या पत्नीनं मला बाजूला घेतलं. तो कागद त्यांना कपाटात जपून ठेवलेला सापडला होता. भालेरावांनी घरी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुमची सही आहे म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "काय खराबी होती हो त्यांच्या चेहऱ्यात?"

मी तिथे 'काही नाही' असं काहीतरी पुटपुटून रिक्षात बसले. म्हणून इथे लिहिते, माझ्या नावानिशी, सगळ्यांनी वाचावं म्हणून. वहिनी, त्यांच्या चेहऱ्यात काहीही खराबी नव्हती. ब्लेड खराब होतं, ते मला माहीत होतं, आणि मी सही केली.

पिशवी आमच्याकडेच राहिली आहे. आता यांची दाढी मी करते, रोज एकदा, हात बसावा म्हणून. बुचातून ब्लेड ओढून घेते, बधिर बाजू सावकाश करते. परवा डाव्या गालाकडे आले आणि सवयीनं विचारलं, "ओढतंय का?" उत्तराची वाट न बघता हात पुढे नेला, तर यांनी मनगट धरलं. तोंड वाकडं करून, जोर लावून, एकेक अक्षर म्हणाले, "ओ... ढ... तंय."

खरं सांगते, आधी मला रागच आला. ब्लेड घालून तिसराच दिवस होता. 'तुमची दाढीच राठ झालीय' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं... तसाच हात हनुवटीखाली नेला आणि पुन्हा एकदा फिरवून ऐकलं. आवाज जाड येत होता. मी रेझर उघडला आणि ब्लेड बदललं.