शालनकाकींची गाडी आणि आप्पांचे ओठ

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर हसायसाठीच वाचायचो. तिठ्यावर उतारा दिसला तर त्यातला नारळ चांगला आहे का, ते बघणारा माणूस मी... बेळगावातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. त्यामुळे "मनाचे खेळ", "कंपनांचा परिणाम" अशा कमेंट लिहायला ज्यांची बोटं आत्ताच शिवशिवतायत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. ते सगळं मी स्वतःला सांगून बसलोय. उपयोग झाला नाही.

आमचं घर बेळगावातल्याच वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढे दोन खोल्या, मध्ये अंगण आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पॉवरलूमचा माग होता. आप्पा आणि आईनं जन्मभर त्यावर साड्या विणल्या. माग चालू असला की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आमच्या घरात ओठांनी बोलायची सवय. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचं. मीही शाळेत जायच्या आधी ओठ वाचायला शिकलो. आप्पा मागावरून मान वर करून आईला ओठांनी म्हणायचे, "सुमे, चा आण." आई चुलीपाशी बसून ते वाचायची आणि तिथूनच ओठांनी उत्तर द्यायची, "आत्ताच झाला न्हवं!" पाहुण्यांना वाटायचं, नवराबायकोचं भांडण आहे, बोलत नाहीत.

मग आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे उघडे, जेवण भरवलं तर जेवायचे, पण ओठ बंद. आई समोर बसून तासन् तास ओठांनी बोलायची. ते बघायचे... बास, बघायचेच. शेडमधला माग मला चालवता येत नाही, आईच्यानं एकटीनं होत नाही. शेवटी दलालामार्फत तो इचलकरंजीकडच्या कुणाला तरी विकला. ज्या दिवशी टेम्पोत घातला त्या दिवशी आप्पांची खुर्ची आम्ही मुद्दाम पुढच्या खोलीत ठेवली होती.

रिकामी शेड बघवेना म्हणून म्हणा, हौस म्हणा, मी जुनी मोटरसायकल घ्यायची ठरवली. टू-स्ट्रोक, आता बंद पडलेलं मॉडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच तिला बोल नको. निपाणीजवळ एक आहे असं कळलं. तवंदी घाट उतरून पुढं गेलं की आत एक गाव लागतं, तंबाखूचं. गाडी गोठ्यात उभी होती, टाकीवर कोंबड्यांची कृपा झालेली. मालक वारले होते. व्यवहार त्यांच्या पुतण्यानं केला. घरातलं बाकी कुणी बाहेर आलं नाही, मी आत गेलो नाही. गाडी छोट्या टेम्पोत घालून बेळगावला आणली. हे मी खुलासेवार लिहितोय कारण पुढं त्यालाच महत्त्व आहे.

आई म्हणाली, "भंगार इकून भंगार आणलास व्हय रं?" तिचं बरोबरच होतं.

आमच्या भागातला मेकॅनिक रफीकभाई घरी येऊन काम करायचा. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर धुतला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, वायरिंग सगळं बदललं. सीट मी शहापुरात शिवून घेतली. आप्पांची खुर्ची आम्ही अंगणात ठेवायचो, तेवढंच त्यांना बरं वाटावं म्हणून. शेडमध्ये जिथं माग होता, तेलाचे डाग अजून फरशीवर होते, तिथंच गाडी उभी होती.

एका रविवारी सकाळी गाडी चालू झाली. शेडचे पत्रे थरथरले, धुरानं अंगण भरलं, मी वेड्यासारखा हसत होतो. आणि आई किंचाळली, "आप्पा बोलालेत!"

आप्पांचे ओठ हलत होते. नीट, स्पष्ट, पूर्वी मागावर बसून बोलायचे तसेच. आईनं देवापुढची साखर आणून त्यांच्या तोंडात घातली. मी गुडघ्यावर बसून त्यांचे ओठ वाचले.

"शालन, म्हशीला पाणी दाखीवलंस का?"

मी आईकडं बघितलं. तिनंही तेच वाचलं होतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हैस पाळलेली नाही. आणि शालन नावाची कुणी बाई आम्हाला माहीत नाही. रफीकभाईनं गाडी बंद केली आणि आप्पांचे ओठही मिटले.

पुढचे काही आठवडे मी लॅबमधल्यासारखे प्रयोग केले. मित्राची तसलीच गाडी आणून चालू केली, काही नाही. गाडीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून मोठ्या स्पीकरवर लावला, काही नाही. खुर्ची ढकलत शेजारच्यांच्या चालू मागापाशी नेली, नुसतेच बघत बसले. आमची गाडी चालू केली की ओठ हलायचे. "शालन, बंब पेटीव." "शालन, दार लोटून घे, कुत्रं आत याया लागलंय." कान त्यांच्या तोंडाशी नेला तर नुसता श्वास. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "हालचाल चांगली आहे. पण शब्द तुम्ही घालताय. माणसाला जे ऐकायचं असतं ते दिसतं." मला शालन कशाला ऐकायची असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. डॉक्टरांशी हुज्जत घालू नये, असं आप्पाच सांगायचे.

आई आधी चिडायची. "ह्या वयात कुठली सटवी आठवाली ह्येंना?" असं म्हणून भांडी आपटायची. मग चिडायची बंद झाली, ते मला जास्त लागलं.

गाडी माझ्या नावावर करायची होती. त्याच्या सह्यांसाठी मी पुन्हा त्या गावी गेलो. पुतण्या मला बाहेरच्या सोप्यात बसवून आत हाक मारत गेला, "शालनकाकी, चा टाक गं. बेळगावचं पावणं आल्यात."

काकी चहा घेऊन आल्या. साठीच्या, बारीक, कपाळ मोकळं. मी पहिला प्रश्न काय विचारावा? "तुमच्याकडं म्हैस होती का?"

"व्हती की. मालक गेल्यावर इकली. का ओ?"

मी सांगायला नको होतं का? मला अजून कळत नाही. पण सांगितलं. पुतण्या मला मारायच्या बेतात होता. काकींनी त्याला हातानं थांबवलं. "आमचं मालक शेतात गेलं ते तितंच पडलं," त्या म्हणाल्या. "एक सबुद बोलून गेलं न्हाईत. मला घिऊन चला तुमच्या घरी."

आणि त्या आल्या. आईनं त्यांना पाणी दिलं, कुंकवाचा करंडा आणता आणता परत ठेवला. मी गाडीला किक मारली. आप्पांनी काकींकडं बघितलं आणि त्यांचा सगळा चेहराच बदलला. झटक्यानंतर आमच्याकडं बघताना तो कधी तसा झाला नव्हता. काकींना ओठ वाचता येत नाहीत. मग मीच मध्ये उभा राहून त्यांना मोठ्यानं सांगायला लागलो.

काकी ओरडून म्हणाल्या, "जेवलासा का?"

आप्पांचे ओठ हलले. मी सांगितलं, "म्हणतायत... तू जेवलीस का?"

काकींनी पदर तोंडात घातला. "असंच इचारायचं," त्या मला म्हणाल्या. "माझ्या इचारण्याचं उत्तर म्हणून कधी दिलं न्हाई. उलटं मलाच इचारायचं."

आता तुम्ही म्हणाल, चांगलं झालं की. झालं ना, त्यांचं चांगलं झालं. तेव्हापासून काकी अधूनमधून बसनं बेळगावला येतात. येताना घरचं शेंगदाण्याचं कूट, कधी काकवी आणतात. मी किक मारतो, धुरात उभा राहतो आणि माझ्या वडिलांच्या ओठांवरचं दुसऱ्याच्या संसारातलं बोलणं एका बाईला वाचून दाखवतो. उसाला पाणी, पाहुण्यांचं लगीन, कोंबडी कुठं अंडी घालते. काकी हसतात, रडतात. आणि दारात माझी आई उभी असते. तिला वाचून दाखवायला लागत नाही.

गाडी विकून टाकावी असं शंभरदा मनात आलं. पण मग आप्पांचे ओठ हललेले परत दिसणार नाहीत. आईनंच मला एकदा सांगितलं, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याचं का असंना, तोंड तर ह्येंचंच हाय."

मागच्या खेपेला काकींनाच वाईट वाटलं. गाडी चालू असतानाच त्यांनी आईचा हात धरून पुढं ओढलं. "वैनी, मीच किती बोलू? तुमी बी काय तरी इचारा की."

आई नको नको म्हणत होती. मग समोर बसली. केस सारखे केले. आणि जन्मभर जशी बोलली तशी, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिनं विचारलं, "मला वळखलासा काय?"

आप्पांनी तिचे ओठ नीट बघितले. म्हणजे ते वाचत होते! शेतकरी माणसाला ते कुठलं यायला? मला वाटलं, आहेत, आमचे आप्पा आत आहेत... माझा हात गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरवर घट्ट झाला. गाडी आत्ता बंद पडू नये, एवढंच मी मागत होतो, कुणाकडं ते माहीत नाही.

आप्पांचे ओठ हलले.

काकी मला विचारत होत्या, "काय म्हणालं? सांगा की, काय म्हणालं?"

मला सांगवेना. आईनंच सांगितलं, मोठ्यानं, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून. "म्हणालेत, बसा की वैनी. शालन चा करील."

आणि ती उठून खरंच चहा करायला गेली.

त्या दिवशी काकी चहा न घेताच निघाल्या. त्यांना बसस्टँडवर सोडून आलो तेव्हा आई शेडमध्ये फरशीवरच्या तेलाच्या डागांकडं बघत उभी होती. ती म्हणाली, "त्या बाईचा मालक गाडीसंगट हितं आला. मग आमचं गेलं कुटं?" मग तिनंच विचारलं, "माग कुणाला इकलास रं?"

मी दलालाला फोन केला. त्यानं पहिलं नाव दिलं. त्या माणसानं माग पुढं दुसऱ्याला विकला होता, त्या दुसऱ्याचा फोन लागत नाही. इचलकरंजीला स्वतः जाऊन आलो, शेडमागून शेड फिरलो. सगळे माग सारखेच दिसतात आणि कामाच्या वेळी कुणाला माझ्याशी बोलायला सवड नव्हती. मी विचारणार तरी काय होतो?

मला याचा काही उलगडा होत नाही, आणि खरं सांगतो, आता उलगडा नकोही आहे. फक्त एक विचारायला हे सगळं लिहिलं. तुमच्यापैकी कुणी, तुमच्या ओळखीतल्या कुणी, वडगावचा जुना माग घेतला असेल... त्याच्या चौकटीवर डाव्या हाताला हळदीकुंकवाचे जाड थर आहेत, आई दर खंडेनवमीला लावायची. तो माग चालू असताना तुमच्या घरातलं एखादं न बोलणारं माणूस ओठ हलवत असेल, तर घाबरू नका. त्याला ढकलून आत नेऊ नका. कदाचित ते "सुमे" म्हणत असेल. कदाचित "बाळ्या शाळंतनं आला का?" असं विचारत असेल. बाळ्या म्हणजे मी.

मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून इथं टाका. चेहरा जवळून घ्या. आवाज नसला तरी चालेल, आई वाचेल.